कंपनी बदलली, सुपारी हुकली

आईचा चांगला चालू असलेला फोन मी बंद पाडला. तो चालू असल्याबद्दल घरात कुणाचीही तक्रार नव्हती.

फोन साधा, बटणांचा. दोनचं बटण दाबून धरलं की जाफराबादची मावशी, तीनचं धरलं की मी. (तीनचं बटण अजून नव्यासारखं दिसतं.) रोज दुपारी जेवणं झाली की दोघी बहिणी वांग्याच्या भाजीपासून मावशीच्या रूपालीच्या स्थळापर्यंत सगळं उरकायच्या.

पण मला घरातले सगळे नंबर एकाच कंपनीत आणायचे होते. का? तर जालन्यातल्या एका दुकानाच्या बोर्डावर तसं लिहिलं होतं!

"आई, नंबर तोच राहील. फक्त कंपनी बदलंल."

"मला बराबर ऐकू येऊन राह्यलं ना? मंग कशाला?"

"तुला न्हाई कळायचं."

(हे वाक्य आईला बोलू नये. बोलल्यावर काय होतं, तेच सांगतोय.)

जुनं कार्ड बंद पडलं त्या सकाळी मी नवं कार्ड फोनात घातलं. फोन ते घेईना. कार्ड पुसलं, फुंकर मारली, उलटं घातलं. उलटं तर अडकूनच बसलं! शेवटी मोबाईलवाल्याकडे गेलो. त्यानं चिमट्यानं कार्ड काढलं.

"काका, हा फोन जुन्या कंपनीनंच विकलेला हाय. लॉक हाय त्याला. दुसऱ्याचं कार्ड चालतच न्हाई."

"फोन आमचा अन् कुलूप त्यांचं?"

"हौ ना. तवर कार्ड तुमच्या फोनात टाकू का? जागा रिकामी हाय."

"बिलकुल नको! घंट्याभरात उघडतो मी."

घरी येऊन व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसानं सांगितलेला आकडा दाबला, चुकला. दुसऱ्या व्हिडिओतला दाबला, तोही चुकला. मग फोननंच कळवलं, आता एकच संधी उरली. शहाणा माणूस इथं थांबला असता. मी आईची जन्मतारीख दाबली! (तीही अंदाजानं. आईची खरी जन्मतारीख आईलाही माहीत नाही.) फोन कायमचा मिटला.

मग मी माझ्या फोनवरून नव्या कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, फोन आमचा नाही, जुन्यांना विचारा. जुन्यांना लावला, तर तिथं बासरी सुरू झाली. बासरी ऐकता ऐकता मध्येच टुक टुक व्हायला लागलं. बघतो तर मावशी. कापला. पुन्हा मावशी. पुन्हा कापला.

"कुणाचा हाय रं?" आईनं विचारलं.

"मावशीचा. थांब, माझा नंबर येऊन राह्यला."

"घे की बाबा."

"नंतर बोल तिच्याशी. एवढी काय जल्दी हाय?"

बऱ्याच बासरीनंतर एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आता तुम्ही आमचे ग्राहक नाही." आणि फोन ठेवला.

मावशीला लावला तर ती उचलेना. संध्याकाळी तिच्याकडून फोटो अन् निरोप आला. पाहुणे रूपालीला बघायला आले, मुलगी पसंत पडली, अन् म्हणाले आजच सुपारी फोडू! मी कापलेल्या त्या फोनांवर मावशी थोरल्या बहिणीला बोलावत होती. दुपारच्या एसटीत बसली असती तर आई आरामात पोचली असती.

आईनं माझा फोन डोळ्यांपासून लांब धरला. रूपालीची ओटी भरणाऱ्या बाईवर बोट ठेवलं.

"माझ्या जागी ही कोण बसली रं?"

मावशीची शेजारीण होती. मी पुढचा फोटो सरकवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जाफराबादला गेलो. आई सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. मी वाटेत दिलेला पेरूही तिनं तसाच पिशवीत ठेवला. मावशीच्या दारात मात्र दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग आईनं रूपालीची ओटी भरली. शिळ्या दिवशी, पण भरली.

मला फार वाईट वाटलं. त्या भरात मी उभा राहून जाहीर केलं, "मावशी, लग्नाचं बिलकुल टेन्शन घेऊ नको. मंडप, आचारी, गाड्या, सगळं माझ्याकडं!"

मावशीनं पदरानं डोळे पुसले अन् माझ्याकडं बघितलं.

"तू जेवायला ये, बाबा. अन् कशाला हात लावू नको."