फांदीपर्यंत पोचणारी तलवार

शाळेत तिसरा तास घेत असताना पाड्यावरून फोन आला. सोनूकाका ऐनाच्या झाडावरून पडले होते. जीपने मोखाड्याला आणतोय, तू दवाखान्यापाशी थांब, असं शेजारी म्हणाला. मी थांबलो. जीप आली तेव्हा काकीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती पदराने त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होती... मला समजलं.

त्याला आता सहा आठवडे झाले.

वडील गेल्यावर मला वाढवलं ते या काकांनी. सूर्यमाळच्या उतारावर त्यांची भात-नागलीची शेती. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून रोपांच्या जागेवर पसरायच्या आणि वाळल्या की जाळायच्या, हा आमच्याकडचा राब. त्यासाठी काका वापरत ती एका इंग्रज अधिकाऱ्याची लष्करी तलवार होती. आजोबा जव्हारला संस्थानच्या पहाऱ्यावर होते, तिथून मोडीत निघालेली त्यांनी घरी आणली. मूळ मूठ कधीच गेली होती, काकांनी लाकडाची बसवली. पात्यावर मुकुट आणि इंग्रजी अक्षरं होती, पण झाडांचा चीक वाळून ती काळी पडलेली. पावसाळ्यात शाळेची वाट झाडोऱ्याने बुजायची. काका पुढे होऊन त्याच तलवारीने ती मोकळी करत मला रस्त्यापर्यंत सोडायचे. मी मास्तर झालो तो असा.

गेल्या दिवाळीत मी त्यांना म्हणालो, "काका, ही जुनी, मोलाची वस्तू आहे. हिने लाकडं तोडू नका. मी शाळेत नेऊन ठेवतो."

"तिचा हात लांब हाय रं," काका म्हणाले. "बुंध्याला धरून ऱ्हायलं तरी फांदी तुटते. कोयता घेतला का फांदीवर जावं लागतं."

मी हसलो. बाजारच्या दिवशी नवा कोयता आणून दिला. काकांनी तलवार गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. शिकलेल्या पुतण्याला नाही म्हणणं त्यांना जमलं नसावं.

आणि राबाच्या दिवसांत ते फांदीवर गेले.

पाड्यावर मला कुणी काही बोललं नाही. दहाव्याला मीच काकीसमोर बसून बोलायला लागलो, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जेव आधी."

मागच्या सोमवारी काकी मृत्यूच्या दाखल्यासाठी मोखाड्याला आली आणि कचेरीतून सरळ शाळेत आली. "दाखव," म्हणाली. मी काचेचं कपाट उघडलं. घासून घासून मी पातं लखलखीत केलं होतं. तिने त्याला बोटही लावलं नाही. खालच्या चिठ्ठीकडे बघून विचारलं, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. ब्रिटिशकालीन लष्करी तलवार. संग्राहक, आणि पुढे माझं नाव.

"त्यांचं नाव?"

"नाही, काकी."

ती जीप सुटेल म्हणाली, पिशवी उचलली आणि मागे न बघता व्हरांडा उतरून गेली.