टॉन्सिलमधल्या शेजारणी

आमच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.चे विद्यार्थी दोघेच, मी आणि ती. ती अमरावतीकडची, धायरीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. स्वारगेटजवळच्या दवाखान्यात कुणाचे टॉन्सिल काढले की ते बर्फात ठेवून तीच घेऊन यायची. टॉन्सिल म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची दाट वस्ती. एचआयव्ही खरा मुक्काम ठोकतो तो अशा जागी. रक्तात त्याची नुसती ये-जा.

त्या टॉन्सिलच्या तुकड्यांत हा विषाणू सोडल्यावर तिला एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्या पेशींत विषाणू वाढतच नव्हता, त्याच जास्त मरत होत्या. सर हरखून गेले. मी मात्र दोन वर्षं रक्तातल्या पेशींवर डोकं फोडत होतो आणि हाती शून्य. मी जळत होतो. तिच्या डब्यातल्या ठेच्याचं कुणी कौतुक केलं तरी मला ते सहन होत नसे.

मग पीएच.डी. अर्ध्यावर सोडून तिने हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी धरली. घरी धाकट्या भावंडांची शिक्षणं होती. शोधनिबंध पाठवण्याआधी तिचा प्रयोग पुन्हा करून बघायचं काम सरांनी मला दिलं. तो फसावा, अशी माझी मनापासून इच्छा होती.

आणि फसला! पेशी ठणठणीत. मी सरांकडे धावलो.

"वा," सर म्हणाले, "म्हणजे दोघांपैकी एकजण चुकलंय. कोण, ते आधी तिला विचारून घ्या."

मी हौसेने फोन लावला. ती कंपनीच्या बसमध्ये होती.

"तुकडे तसेच ठेवले होते नं?" तिने विचारलं.

"नाही, पेशी सुट्या केल्या. भरपूर द्रावणात. रक्ताच्या करतो तशाच."

"अरे, इतकं पातळ काहून केलं? टॉन्सिलमध्ये त्या एकमेकींना खेटून असतात नं. बाधित पेशी शेजारणीला चिकटते, विषाणू आत सारते. तिथे तो अर्ध्यातच अडकतो, अन् ती शेजारीण स्वतःच मरून जाते. तू तर शेजारच मोडून टाकला."

पुढच्या टॉन्सिलचे तुकडे मी अख्खे ठेवले. शेजारणी मेल्या. अगदी तिने सांगितलं होतं तशा.

संध्याकाळी तिला फोन केला. "तुझं बरोबर निघालं," म्हणालो. हे तीन शब्द मी दुपारपासून पुढे ढकलत होतो.

"बरं झालं," ती म्हणाली. मागे बसचे हॉर्न वाजत होते. "माझ्या टेबलावर आता कोण बसतं?"

"मीच."

 मग म्हणाली, "लय हेवा वाटते रे तुझा. दिवसभर मी इथे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून राहिली."

खरं सांगतो, मला आनंद झाला. तिच्याकडे नाही असं काहीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे होतं. फोन ठेवून मी टेबलाशी येऊन बसलो. टेबल तिचं होतं, तुकडे तिच्या पद्धतीने कापलेले होते, आणि उद्या काय करायचं हेही तिनेच फोनवर सांगून ठेवलं होतं.