मोगरीजवळ कोण?

आचऱ्यात घोडी पाळतो तो माणूस एक तर खुळा असणार, नाहीतर दत्ताराम असणार, असं गावात म्हणत. दत्तारामाला त्याचं काही वाटत नसे. मासे खाणारं गाव हे. इथे म्हैस कळते, बैल कळतो, पण घोडी? ट्रॉलरच्या इंजिनावर पंचवीस वर्षं काढून गुडघे गेले, तेव्हा हा बाबा घाटावर गेला आणि येताना पांढरीशुभ्र घोडी घेऊन आला. त्याच्या बायकोने, नर्मदेने, अंगणातच कपाळावर हात मारून घेतला.

"आता हिका काय बांगडे घालू?" तिने विचारलं.

आणि आठ दिवसांत तीच नर्मदा घोडीला 'मोगरी' म्हणून हाका मारायला लागली. नवऱ्याचा चहा राहिला तरी चालेल, मोगरीचा कोंडा वेळेवर भिजला पाहिजे! सुट्ट्यांत समुद्राच्या पुळणीवर पोराबाळांना फेऱ्या मारून आणायच्या, लग्नसराईत नवरदेव मिरवायचे, आणि शिवरात्रीला घोडीबरोबर चालत कुणकेश्वर गाठायचं, असा दत्तारामाचा संसार चालला होता. बरा चालला होता. मूलबाळ नव्हतं, ते दुःख दोघांनी कधीच गिळून टाकलेलं.

तीन वर्षांपूर्वी नर्मदा काविळीने गेली. सहा दिवसांत गेली. घरात उरले दोघं, एक माणूस आणि एक घोडी. माणसाने बोलायचं कुणाशी? बोलायचा घोडीशीच. शेजारी शेवंती राहायची, तीही एकटीच, विधवा. पण तिच्याशी दीड वर्षं बोलणं बंद होतं. मोगरीने एकदा कुंपण मोडून तिचा चवळीचा अख्खा वाफा साफ केला होता. शेवंतीने घोडीला दगड मारला, दत्ताराम नको ते बोलला, तीही बोलली, आणि मग दोन्ही घरांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. एका विहिरीवर पाणी भरायचं आणि तोंडं दोन दिशांना! हट्टाला काय, खायला घालावं लागत नाही.

दत्तारामाची आणखी एक खोड होती. नर्मदेचा मोबाईल त्याने बंद केला नव्हता. रिचार्ज केलं नाही तर नंबर दुसऱ्या कुणाला देतात, असं त्याने ऐकलं होतं, आणि तिच्या नंबरावर कुणी परका माणूस 'हॅलो' म्हणेल ही कल्पना त्याला सोसवेना. घरात रेंज फक्त पूर्वेच्या खिडकीत, म्हणून फोन तिथेच चार्जरला लावलेला असे. ती असताना तो कुठेही असला तरी दुपारी दोनला फोन करायचा, 'येतंय, भात वाढ.' ती गेल्यावरही दोन वाजले की बोट आपोआप त्या नावावर जाई. एकदाच. पूर्ण वाजून आपोआप बंद होईपर्यंत तो कानाला धरून उभा राही. असा प्रकार होता सगळा, आता हसा नाहीतर रडा.

पावसाळा सरता सरता जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, अक्षया त्यांचं नाव. मोगरीला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन झाल्यावर त्यांनी एक छापील कागद काढला.

"काका, हा भरून ठेवायचा. घोडं आजारी पडलं की माणसाचं डोकं चालत नाही, तेव्हा कागद चालतो. एक प्रत भिंतीवर, एक खिशात."

मग अर्धा तास त्यांनी दत्तारामाला शाळेत बसवलं. घोड्याला ओकारी येत नाही, म्हणून पोट दुखलं तर ते जिवावर बेततं. खाणं टाकलं, पुढच्या पायाने जमीन खरवडली, मान वळवून कुशीकडे बघितलं की लगेच फोन करायचा. घरगुती औषध घशात ओतायचं नाही. "आणि वाळूवर गवत टाकू नका. गवताबरोबर वाळू पोटात जाते आणि तळाला बसते. एक दिवस आतडं बंद होईल."

दत्तारामाने मान डोलावली. गवताचं मात्र त्याने मनावर घेतलं नाही. अहो, किनाऱ्यावरचं अंगण ते, वाळू नाही तर काय मखमल असणार? नऊ वर्षं माडाखाली टाकलेलं गवत खाऊन मोगरी धडधाकट होती. कागद मात्र त्याने सुवाच्य अक्षरात भरला. जबड्याखाली बोट ठेवून तिची नाडी मोजली, छत्तीस भरली, ती लिहिली. डॉक्टरांचा नंबर लिहिला. शेवटची ओळ राहिली.

'मालक नसताना घोडीजवळ कोण? नाव व फोन.'

"ही ओळ रिकामी ठेवायची नाही, काका. बाकी काही राहिलं तर चालेल," अक्षयाबाईंनी बजावलं होतं.

आठ दिवस त्या ओळीने त्याला छळलं. सगळा गाव डोळ्यांसमोरून नेला. कोण मुंबईला, कोण होडीवर, कोण घोडीला भिणारं. शेवंतीचं नाव मनात आलं आणि त्याने ते फुंकून उडवलं. असं एकसुद्धा माणूस आपल्याला असू नये, याची त्याला लाज वाटली. शेवटी नवव्या दिवशी त्याने नर्मदेचं नाव आणि नर्मदेचा नंबर लिहून टाकला. ओळ भरली. डॉक्टरीणबाई नवीन, त्यांना काय ठाऊक? पुढच्या फेरीला त्यांनी बघून 'छान' म्हटलं.

पुढे कार्तिकातला एक सोमवार. सकाळी मोगरीने कोंडा अर्धा टाकला, पायाने वाळू खरवडली. दत्तारामाला वाटलं, रुसली असेल. काल पुळणीवर नेली नव्हती ना! "इलंय हां मालवणातसून, मगे जावया," असं तिला सांगून त्याने माडाखाली गवताचा भारा सोडला आणि खोगिराचा पट्टा शिवून आणायला सकाळची एसटी पकडली.

मालवणच्या स्टँडवर उतरताना गुडघ्याने दगा दिला. पायरी चुकली आणि दत्ताराम पिशवीसकट खाली आला. घोट्याच्या वर पाय मोडला, मोबाईलचा चुरा झाला. लोकांनी उचलून सरकारी हॉस्पिटलात नेला. साडेदहाला तो खाटेवर होता, आणि पायापेक्षा जास्त त्याला ती खरवडलेली वाळू दुखत होती. खाणं टाकलं, पाय खरवडले. कागदावर काय लिहिलं होतं? अरे देवा! रुसली नव्हती ती.

"बाय, माका घराक जावक व्हया," तो उठू लागला.

"काका, झोपा. पाय लोंबतोय तुमचा," वॉर्डातली सिस्टर म्हणाली. दिव्या तिचं नाव, पोरसवदा, पण खमकी.

"माझी घोडी आजारी आसा. एकटीच बांदलेली आसा."

खिशातला कागद तिनेच काढला. आधी डॉक्टरांना फोन लावला. अक्षयाबाई त्या दिवशी आंबोलीला लसीकरणाला गेल्या होत्या, फोन लागेना. मग तिने शेवटची ओळ वाचली. "नर्मदा. तुमच्या मिसेस ना? मग काय, त्या आहेत की घरी!"

दत्तारामाने तिला फोन लावू दिला. दुसऱ्या कुणाचा नंबर त्याला पाठ नव्हता. जे होतं ते फुटलेल्या मोबाईलमध्ये.

रिंग गेली. दिव्याने फोन स्पीकरवर ठेवला होता. दत्तारामाला ती खिडकी दिसत होती, बंद दार दिसत होतं, आणि खिडकीखाली माडाला बांधलेली मोगरी दिसत होती. फोन वाजून वाजून थांबला.

"कामात असतील," दिव्या म्हणाली.

अकराला लावला, बाराला लावला. प्लॅस्टर घालून आणल्यावर एकाला पुन्हा लावला. दर वेळी ती पोर म्हणायची, "विहिरीवर गेल्या असतील," "झोपल्या असतील." आणि दत्ताराम हूं म्हणायचा. सांगावं तर ती फोन लावायची थांबेल, आणि त्या फोनच्या आवाजाशिवाय मोगरीजवळ दुसरं काहीच नव्हतं. असला खुळा हिशेब! पण अडलेला माणूस असाच विचार करतो. नर्मदे, मी काय करून ठेवलं हे, असं त्याने मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल. आपल्या लाजेपायी त्याने घोडीचा आधार म्हणून कागदावर मेलेलं माणूस लिहिलं होतं.

पावणेतीनला दिव्याने पुन्हा लावला. चार रिंगा झाल्या आणि फोन उचलला गेला.

"हॅलो," बाईचा आवाज आला.

क्षणभर, खोटं कशाला बोलायचं, क्षणभर दत्तारामाला वाटलं, नर्मदाच बोलली.

"हॅलो! कोण बोलता ता?" आवाज करवादला, आणि तो शेवंतीचा होता.

"शेवंतीवयनी? मी दत्ताराम."

"खंय आसस रे मेल्या तू? मी शेतातसून आताच येतंय, तर ह्यो फोन बोंबलता. रोज दोनाक एकदाच वाजता नि गप रवता. आज सकाळीय वाजलो, मी जाताना. आता परत. म्हटलां, दत्तारामाचा कायतरी झाला. खिडकीतसून हात घालून घेतलंय."

तिला ठाऊक होतं. तीन वर्षं, रोज दोन वाजता, ती ऐकत होती आणि कधी कुणाला बोलली नव्हती.

"मोगरी कशी आसा?" एवढंच त्याने विचारलं.

"बरी नाय. पडता, उठता, परत पडता. घामान भिजली हा. मी तेल गरम करतंय. नळ्यान पाजतंय, आमच्या म्हशीक पाजी तसा."

"नको!" तो असा ओरडला की अख्खा वॉर्ड उठून बसला. "पाया पडतंय तुझ्या, वयनी! घोडी ती, म्हस न्हय. तेल छातीत गेला तर मरात."

"मगे काय करू, सांग बेगीन!"

"पुढचा गवात सगळा काढ. एक काडी नको. दावा सोड, उठव नि हळूहळू फिरव. लोळाक देव नको."

"माका भय वाटता तिचा."

"तिका तुझा वाटता. दगड मारलंस तो तिच्या लक्षात आसा."

"आता ता काढू नको!" शेवंती कडाडली. पण दाव्याचा आवाज आला, "चल गो बाये, ऊठ" असं पुटपुटणं आलं, वाळूत खूर फसल्याचा आवाज आला. दत्ताराम डोळे मिटून ऐकत राहिला. दहा मिनिटांनी त्याने तिला घोडीच्या कुशीला कान लावायला सांगितलं.

"घोडीच्या?"

"नाय तर कोणाच्या?"

फोनवर नुसता घोडीचा श्वास. "कायच वाजना नाय," शेवंती म्हणाली.

"दुसऱ्या अंगाक लाव."

दिव्याने कधी त्याचा हात धरला होता, दोघांनाही कळलं नव्हतं.

"थांब... व्हय. बारीक गुडगुडता. भात शिजता तसा."

जीव होता अजून. चारच्या सुमारास अक्षयाबाई घाट उतरून सावंतवाडीला आल्या आणि त्यांचा फोन लागला. सहाला त्या आचऱ्यात पोचल्या. इंजेक्शनं दिली, नाकातून नळी घालून औषध आणि इसबगोल पोटात सोडलं. शेवंती दावं धरून उभी होती. दर अर्ध्या तासाने तिचा नर्मदेच्या फोनवरून फोन येई आणि दर वेळी ती म्हणे, "अजून नाय." दत्तारामाने चहा घेतला नाही, गोळी घेतली नाही. घोडी गेली तर आपण त्या घरात पाय ठेवणार नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

पावणेआठला फोन वाजला.

"हगली रे, दत्ताराम! घमेलाभर हगली!"

वॉर्डात हशा पिकला. समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी तर टाळ्या वाजवल्या. मग अक्षयाबाई फोनवर आल्या. "लीद बादलीत घोळवून बघितली, काका. तळाला ही एवढी वाळू बसली. मी काय सांगितलं होतं?"

"चूक माझी," दत्ताराम म्हणाला. "सगळी माझी."

"आज वाचली. आता गव्हाणीतच गवत. आणि या बाईंना घरी पाठवा, त्या घोडीजवळून हलत नाहीयेत."

फोन बंद झाल्यावर दिव्या हसत हसत स्टूल ओढून बसली आणि तिने सकाळपासून अर्धा राहिलेला फॉर्म काढला. "चला, तुमचं पण पुरं करू. जवळचं माणूस, नर्मदा, पत्नी. हे मी कागदावरून लिहून ठेवलंय. उद्या येतील ना त्या? सही लागेल."

गावात हे दत्तारामाला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. सगळे तिच्या मयताला आले होते. तीन वर्षांत ते वाक्य त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

"नर्मदा नाय, बाय," तो म्हणाला. "वारली ती. तीन वर्सां झाली."

दिव्याचं हसू जागच्या जागी विरलं. "मग दिवसभर मी..."

"तुका सांगूक व्हया होता. सांगूक जमला नाय."

तिने फॉर्म पुन्हा समोर ओढला. मग हळूच म्हणाली, "काका, हे नाव खोडू का?"

स्मशानात नर्मदेला अग्नी देताना तो रडला नव्हता. घरी येऊन त्याने मोगरीला पाणी पाजलं होतं, कोंडा भिजवला होता आणि दुसऱ्या दिवशी तिला पुळणीवर फिरवून आणलं होतं.

"खोड," दत्ताराम म्हणाला, आणि भरल्या वॉर्डात, परक्या माणसांसमोर, हमसून हमसून रडला.