मिनार खाली, घुमट खाली

कर्जतहून दुचाकी काढली ती फक्त चार नाणी बघायला. साजगावचे हमीदचाचा पूर्वी जहाजावर नोकरीला होते. इस्तंबूलला त्यांनी चांदीची चार स्मारक नाणी घेतली होती. प्रत्येकावर उस्मानी (जुन्या तुर्की) सुलतानांच्या काळातली एकेक मशीद. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. इतिहासाच्या पुस्तकात या मशिदी पाहिल्या होत्या, अगदी धूसर छापलेल्या.

कारखान्याच्या ट्रकांमागे अर्धा तास अडकलो. पोचताच चाचींनी सांदणं (तांदळाच्या रव्याचे वाफवलेले गोड वडे) पुढ्यात ठेवली. नाणी मात्र तीनच निघाली.

"चौथं शिळफाट्याला, सोनाराकडं," चाचा म्हणाले. "उद्या सनाचा निकाह हाय. नातीच्या गळ्यात घालायला कडी लावलीय. चल, आणू."

सोनाराने मोठ्या हौसेने नाणं हातावर ठेवलं. चाचांनी कडीला धरून उचललं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"मिनार खाली कसे रं?"

"आकडा बघा की, सरळ हाय!" सोनाराने नाणं फिरवून दाखवलं. "आपला रुपया कसा? आकडा सरळ, तर मागचे सिंह बी सरळ."

"हा रुपया नाय, बाबा!"

या नाण्याच्या दोन बाजू एकमेकींच्या उलट छापलेल्या, आकडा सरळ धरला की मागची मशीद उलटी होते, हे मी समजावलं. पण कडी पक्की बसली होती. काढली तर मशिदीवर व्रण राहणार.

"अल्लाचं घर उलटं टांगून पोरीला उभी करू?" चाचा पुटपुटले. घरी येऊन त्यांनी नाणं सनाच्या हातावर ठेवलं.

सनाने साखळीत ओवून नाणं गळ्यात घातलं, मान खाली घालून पाहिलं.

"नाना, सरळच तर हाय!" ती आजोबांना म्हणाली.

"डोळे तपासून घे गं."

"मी बघते तवा सरळ. तुमी समोर बसलाय म्हणून तुमाला मशीद उलटी दिसते."

चाचा उठले, तिच्या मागे जाऊन खांद्यावरून वाकले आणि ठसका लागेपर्यंत हसले. "मग राहू दे. पण फोटोत ओढणीआड ठेव, नायतर सासरचे माना वाकड्या करून बसतील!"

परतताना घाटाखालची हवा गार लागत होती आणि मी एकटाच हसत होतो. नाणं उलटं का दिसतं ते मला सांगता आलं. पण घालणारीला ते कसं दिसेल, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलंच नाही. उद्या निकाहला बोलावलंय. चाचींनी बजावलंय, "इस्त्रीचा शर्ट घालून ये रं."