आठव्या तासाचे पाय

कौसाताई कुठल्याही दातेरी चाकावरचा छापील आकडा मानत नसत. भोसरीतल्या आमच्या गिअरच्या वर्कशॉपमध्ये त्या तपासणीला होत्या. तयार गिअर हातात आला की एका दातावर खडूची खूण करायच्या आणि अंगठ्याच्या नखाने एकेक दात मोजत पुन्हा खुणेपाशी यायच्या. "छापनाऱ्यानं मोजल्यात, आपुन न्हाई," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी तिथे नवा इंजिनिअर होतो. चाकणच्या कांदा मार्केटात हमाली करणाऱ्या माणसाचा मुलगा आणि घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी तेव्हा कुणी न विचारताच सांगायचो. पगारातून मी गिअरची रोड बाईक घेतली आणि पहिल्याच दिवशी शेडमध्ये सगळ्यांना दिसेल अशी लावली. जेवणाच्या सुट्टीत येऊन बघतो तर कौसाताई खडू घेऊन तिच्यापाशी बसलेल्या. पुढे दोन चकत्या, बावन्न आणि छत्तीस दातांच्या. मागे अकरा चकत्या, त्यातली सगळ्यात मोठी पंचवीस दातांची. शर्यतवाल्यांचे व्हिडिओ बघून हे निवडलं, असं मी ऐटीत सांगितलं.

"त्यांच्या पायाला जमत आसंल," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायाला इचारलं का, सायेब?"

देहूजवळच्या भंडारा डोंगराच्या चढावर मी दोनदा सायकलवरून उतरलो होतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

निवृत्तीला चार महिने राहिले तेव्हा त्यांनी एका सकाळपुरती ती सायकल मागितली. कशाला, ते सांगताना हातातला गिअर पुसत राहिल्या. चाकणच्या पलीकडे त्यांचं गाव. हायस्कूल शेजारच्या गावात आणि मध्ये खिंड. सातवीनंतर त्या वडिलांच्या सायकलीवरून शाळेला जात. तिला पुढे चव्वेचाळीस दात आणि मागे अठरा, म्हणजे पायाच्या एका फेऱ्याला चाकाचे जवळजवळ अडीच. सपाटीला सायकल पळायची, पण खिंडीत एका पांढऱ्या दगडापाशी उतरावंच लागायचं, आणि तिथून वर ढकलत जायचं. रोज उशीर व्हायचा. उशिरा येणाऱ्यांना गेटबाहेर उभं करत. दिवाळीपर्यंत असं चाललं. मग वडील म्हणाले, रोज गेटबाहेर उभं ऱ्हायला कशाला जातीस? आठवी तिथेच संपली.

"डोकं कमी न्हवतं, सायेब. मागचं दात कमी पडलं. एकदा न उतरता शाळंला पोचायचं हाय."

मला कॉलेजला जायला एसटीचा पास मिळाला होता. त्यांच्या वाट्याला खिंड आली. पदवीचा अभिमान मला आजही आहे, पण त्या दिवसापासून मी तो जरा हळू आवाजात सांगतो.

पुढचे दात कमी आणि मागचे जास्त केले की चढ हलका होतो. मी लॅपटॉप उघडला. चढ, वजन, चाकाचा घेर असं सगळं मांडून उत्तर काढलं: पुढची लहान चकती चौतीसची, मागची मोठी अठ्ठावीसची. दोन्ही बसवून आणल्या आणि रविवारी सकाळी चढून बघू म्हटलं. कौसाताईंना ते पटेना. नव्या ऑपरेटरला त्या नेहमी एकच गोष्ट सांगत, "पयल्या तासाच्या हातानं सेटिंग करू नये. आठव्या तासाच्या हातानं करावं." ताजा हात कसंही निभावून नेतो, माल बिघडतो तो शिफ्ट संपताना. म्हणून आम्ही फर्स्ट शिफ्ट करून, आठ तास उभं राहिल्यावर, दुपारी खिंडीत गेलो. पांढऱ्या दगडाच्या पुढे त्या जेमतेम वीस हात गेल्या आणि पाय टेकला.

ताज्या पायांनी नक्की जमेल, मी म्हणालो.

"ताज्या पायानं मी शाळेला कवा निगालेच न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी पान्याचं हंडं, मग शाळा."

माझा सगळा हिशेब बरोबर होता. त्यात फक्त हंडे नव्हते.

मग मागे चौतीस. त्यासाठी साखळी लांब घ्यावी लागली आणि ती एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलरही बदलावा लागला. माझ्या सायकलिंगच्या ग्रुपमधला एकजण म्हणाला, भावा, ही चकती आहे की भाकरीचा तवा? रेसवाले हे लावत नाहीत म्हणून मीही जरा कुरकुरलो. "आपली रेस कुनासंगं हाय?" एवढं विचारून कौसाताईंनी खडू काढला. पुढे चौतीस भरले, मागे चौतीस भरले. पायाचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. "आता बरुबरीत आलं," त्या म्हणाल्या.

शनिवार, सकाळची शाळा. धारा काढून, दुधाचा रतीब घालून त्या निघाल्या. अंगात पंजाबी ड्रेस, पायात कंपनीचे सेफ्टी शूज. मी मोटरसायकलवर मागे. चढ लागायच्या आधीच त्यांनी गिअर हलका केला. पांढऱ्या दगडावर आता कुणीतरी 'प्लॉट विकणे आहे' असं रंगवलंय. त्याच्या थोडं अलीकडे साखळी शेवटच्या चकतीवर चढली. शेजारून कुणी चालत असता तर गप्पा मारता आल्या असत्या, इतक्या सावकाश त्या निघाल्या होत्या, पण पाय फिरत होते. दगड मागे गेला. मागून चाकणचा ट्रक हॉर्न वाजवत आला. ड्रायव्हरने काय पाहिलं कोण जाणे, हॉर्न बंद करून तोही आमच्या मागे हळूहळू येत राहिला. माथ्यावर कौसाताई थांबल्याच नाहीत. मी कडेला होऊन ट्रकला वाट दिली तोवर उताराला त्यांची ओढणी मला लांब लांब जाताना दिसली.

शाळेपाशी पोहोचून मी मोटरसायकल स्टँडला लावेपर्यंत घंटा झाली आणि शिपायाने गेट ओढून घेतलं. आतल्या बाजूला, पोरांच्या गर्दीत, सायकल धरून कौसाताई उभ्या होत्या. घामाने निथळत होत्या. घंटेचा शेवटचा टोला विरला. मग गजांमधून माझ्याकडे बघून हसल्या.

"उशीर केला, सायेब," त्या म्हणाल्या. "ऱ्हावा आता भायेर उभं."