हळदूचा बैल

वडील गेले, शेत बटाईने दिलं, बैलजोडी विकली आणि माझ्या थोरल्या बहिणीला मी शिंदखेड्याकडच्या आमच्या गावातून जळगावला आणलं. तिची समज लहान मुलाएवढीच राहिली होती. पण बैलांचं सगळं तीच करायची आणि त्यांच्यापुढे वैरण पडल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. जळगावच्या दोन खोल्यांत बैल कुठून आणायचे? ती ताट सरकवायची आणि दाराकडे बघत बसायची.

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. शाळेत इतिहास शिकवायचो. माणूस कमी म्हणून कार्यानुभवाचा तासही माझ्याच गळ्यात होता. त्या तासासाठी शाळेत बारीक पात्याची, पायाने चालवायची करवत होती. तिच्यावर बैल करायचं ठरवलं. तुकड्यांचा, एकमेकांत अडकणारा, जोडला की पायांवर उभा राहणारा.

वखारीत लाकूड निवडण्यात अख्खा रविवार गेला. सागाची कुसळं बोटात जातात. बाभळीत पातं मोडतं. शेवटी हळदूची जाड फळी घेतली, पिवळट, गुळगुळीत, आमच्या थोरल्या बैलाच्या रंगाची. लाकडाच्या रेषा पायांच्या दिशेने उभ्या ठेवल्या, नाहीतर पाय पटकन तुटतात. व्हार्निश नको होतं, कारण अक्का काहीही तोंडात घालायची. शेंगदाण्याचं तेल खाण्यातलं खरं, पण ते वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट वास मारतं. म्हणून घाण्यावरून जवसाचं आणलं. फडक्याने चोळायचं, जिरलं नाही तेवढं पुसून काढायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. बायको म्हणाली, "पोरांना तरी कधी एवढं तेल लावलंत का हो?"

अक्काने बैल जोडला, उभा केला, त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवला आणि जेवायला बसली. पोळ्यापर्यंत रोज असंच चाललं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकतात, हळद-तूप चोळतात. मी शाळेत होतो. अक्काने बैलाच्या खांद्याचा तुकडा गरम पाण्यात बुडवला, हळद-तूप चोळलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. तेल कितीही जिरलेलं असो, एवढं पाणी लाकूड पिणारच. तुकडा फुगला, खाचेत बसेना.

"भाऊ, त्याना खांदा सुजी गया."

"लाकूड शे अक्का. वाळी जाई."

"त्याले दुखस."

तुकडा वाळला. कडा पॉलिशपेपरने घासून मी पुन्हा जवस चोळलं. आता तो पहिल्यासारखा बसला. तिने तो लगेच काढला आणि पदराखाली धरला.

"बरा व्हयना तो, आते दुखस नही," मी म्हणालो.

"तुले काय समजस? आजारी बैलले कोनी जुपस का?"

मी दुसरा बैल केला, त्याच वखारीतल्या हळदूचा. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाजूला ठेवला. "हाऊ आपला नही."

आजारी बैल वैरणीला तोंड लावत नाही, म्हणून तिचंही ताट पुन्हा सरकायला लागलं. बायकोने घास भरवून पाहिले. मी रागावलो, मग हात जोडले. दवाखान्यात सलाईन लावली तेव्हाही तुकडा तिच्या मुठीत होता, आणि नर्स मूठ उघडायला गेली की ती ओरडायची. दिवाळीच्या आत ती गेली.

गावातली माणसं तेव्हा भांडणं मिटवायला मला बोलावून नेत. शिकलेला आहे, समजूत घालतो, म्हणत. बैल बरा झालाय, एवढं मात्र मला तिला शेवटपर्यंत पटवता आलं नाही.