रिठ्यानं धुतलेल्या बाटल्या

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं हाताला लागेल ते वाचून शिकले. तरी नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास नगरच्या एका लहान प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला होते, हे मी आजही मिरवते.

तिथं एक ताई संशोधन करायची. वयानं लेकीएवढी, पण मी ताईच म्हणायची. कोंबड्यांना मानमोडी होते ना, तिचा विषाणू पेशीच्या दारातच अडवेल असा पाला ती शोधत होती. अडुळसा, कडुनिंब, तरवड, सगळ्यांचे काढे. म्हणायची, "मावशी, चोर घरात शिरल्यावर कडी घालून काय उपयोग?"

एका ताटलीत मुंगीच्या आंघोळीपुरते खळगे. प्रत्येकात कोंबडीच्या पेशी, वर काढा, मग विषाणू. एका ओळीत काढ्याऐवजी नुसतं पाणी. दोन-तीन दिवसांनी जांभळा रंग घालायचा. जगलेल्या पेशी रंग धरतात, मेलेल्या धुऊन जातात. पाण्याची ओळ कोरीच निघाली पाहिजे, तर पाल्याचं खरं.

एका आठवड्यात धुण्याची पावडर संपली. म्हटलं, त्यात काय एवढं. माहेरून, तिसगावहून आणलेले रिठे घरात होते. उकळले, फेस काढला, बाटल्या घासल्या. लुगड्याचे जरीकाठ उजळतात, तर काच का नाही? विसळल्या मात्र दोनच पाण्यांत. आमच्या दुष्काळी भागात वाढलेल्या बाईचा हात पाण्याला आखडताच असतो.

त्या बाटल्यांत काढे भरले, पाणी भरलं, आणि ताटली रंगवली तर सगळी जांभळी.

"पाला पावला की ताई," मी म्हटलं.

तिनं ताटली उजेडात धरली. म्हणाली, "पाण्याची ओळही जांभळी आहे, मावशी. माझा विषाणूच मेला वाटतं. नवा मागवून वाढवायचा म्हणजे गेले तीन महिने. मार्गदर्शक साहेबांना महिनाअखेर निकाल दाखवायचाय, नाहीतर प्रबंध गेला पुढच्या वर्षावर."

मी रोजंदारीवरची बाई, चूक कबूल केली तर कामच जायचं. पण तिनं विषाणूची कुपी टाकून द्यायला उचलली, तशी बोलून गेले, "थांब गं. त्याला नको टाकू. रिठा असंल त्यो."

"कसला रिठा?"

सगळं सांगितलं. तिनं रिकामी बाटली घेतली, पाणी घालून हलवली. वर हा फेस. फेसाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हसता हसता स्टुलावर बसलीच. "मावशी, या विषाणूच्या अंगावर चरबीचा सदरा असतो. तुमच्या रिठ्यानं तो सदराच धुऊन काढला."

मग सात पाण्यांत बाटल्या विसळल्या. ती शेजारी उभी राहून मोजत होती. माझ्यावर विश्वास नव्हता, आणि नसावाच.

या खेपेला पाण्याची ओळ स्वच्छ कोरी. अडुळसाही कोरा, कडुनिंबही. तरवडाचे तेवढे तीन खळगे जांभळे.

"तीनच?" मी तोंड वाकडं केलं.

"तीन पुष्कळ झाले," ती म्हणाली आणि ताटली घेऊन जवळजवळ पळतच साहेबांकडं गेली.

उरलेले रिठे तिनं मागून घेतले, केसांना म्हणून. पुढच्या आठवड्यात ताटली उचलायला गेले, तर काढ्यांच्या शेवटच्या ओळीवर चिठ्ठी चिकटवलेली: मावशीचा रिठा.